मॉस्कोतली माझी गावठी रशियन

महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. मी पुण्यात इंटर सायन्सला होते आणि जेवणाच्या टेबलावर गप्प बसायला शिकले होते.

आमचं घर वडनेर भोलजीचं. बाबांचा भाजीचा मळा होता. वांगी, मेथी, कांदा काढायचा आणि नांदुऱ्याच्या बाजारात नेऊन विकायचा. घरात शिकलेलं माणूस एकच, माझी आत्या. तिचा नवरा लवकर गेला, तेव्हा ती घरी बसून न राहता पुण्याला जाऊन नर्सिंग शिकली आणि खामगावच्या एका दवाखान्यात लागली. हायस्कूलसाठी तिने मला आपल्याकडे नेलं आणि मॅट्रिक झाल्यावर पुण्याला धाडलं, कारण मुलींच्या एका वसतिगृहाच्या बाई तिच्या ओळखीच्या होत्या.

पहिल्याच आठवड्यात मी मेसमध्ये वाढणाऱ्याला म्हणाले, "मले एक केयं द्या." आमच्याकडे केळ्याला केयं म्हणतात, डोळ्याला डोया आणि पळण्याला पयनं. टेबलावरच्या मुली आधी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग हसल्या. त्या मनाने वाईट नव्हत्या. त्यातल्याच एकीने मला सूक्ष्मदर्शक लावायला शिकवलं होतं. पण त्या दिवसापासून माझं नाव केयं पडलं ते पडलंच. मी बोलणं कमी केलं. तोंडी परीक्षेत उत्तर येत असूनही तीन शब्दांत आटपायची, म्हणजे गावचा शब्द तोंडून निसटण्याची भीती नको.

त्या वर्षी कॉलेजच्या फळ्यावर सूचना लागली की सोव्हिएत सरकार काही विद्यार्थ्यांना वैद्यकीय शिक्षणासाठी मॉस्कोला नेणार आहे, राहणं-खाणं-शिकणं सगळं त्यांच्याकडून. माणूस अंतराळात जाऊन आला होता तो त्याच देशातून, त्यामुळे सूचनेपुढे मुलांची गर्दी झाली. मीही अर्ज केला. डॉक्टर व्हायची इच्छा आत्याच्या दवाखान्यात वावरून लहानपणीच धरली होती. पण खरं सांगायचं तर दुसरंही एक कारण होतं. जिथे कोणालाच माझी मराठी कळणार नाही अशा ठिकाणी मला जायचं होतं.

मुंबईला मुलाखत झाली. समोर तीन गृहस्थ आणि एक बाई. एकाने विचारलं की तिथली थंडी तुला सोसेल का. मी मोडक्या इंग्रजीत म्हणाले की वऱ्हाडातल्या मे महिन्यात मी भर दुपारी वांग्यांना पाणी दिलं आहे, थंडीत निदान कपडे वाढवता येतात. बाई हसल्या. महिन्याभराने माझी निवड झाल्याचं कळलं.

घरी जाऊन सांगितलं. बाबांनी विचारलं की तिकडे वांगी होतात का. मायचं मात्र डोकं फिरलं. मलकापूरकडचं एक स्थळ आलेलं होतं, मुलगा तलाठी होता, आणि ती मनातल्या मनात माझी लग्नाची साडीही घेऊन बसली होती. ती आत्याला म्हणाली की तुम्ही माझी पोरगी नासवली. दोन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोलेना. गल्लीतल्या बाया येऊन मायला विचारायच्या, पोरगी पळून चालली म्हणतात ते खरं का.

शेवटी आत्या ओसरीवर सगळ्यांसमोर बोलली. "पोरगी पयून नाही चालली, शिकाले चालली. पयून गेली असती तं तुमाले पुसाले आली असती काय?"

माय उठली, आत गेली आणि मिरच्या कुटायला लागली. तो ठसका घरभर पसरला तेव्हा मला कळलं की माझ्यासोबत न्यायला तिखट होऊन राहिलं आहे.

सप्टेंबरात दिल्लीहून विमानाने ताश्कंद आणि तिथून मॉस्को. पहिलं वर्ष फक्त भाषेचं होतं. आशियातले, आफ्रिकेतले, क्यूबातले विद्यार्थी एका वर्गात बसायचे आणि सगळ्यांची सुरुवात सारखीच, अ आ पासून. लंडनला शाळा शिकून आलेला मुलगा आणि वडनेरच्या माळ्याची मुलगी दोघंही "हे टेबल आहे, ही खिडकी आहे" म्हणत होती. मला इतकं मोकळं कधीच वाटलं नव्हतं. मी वर्गात हात वर करू लागले. चुकायची, बाई दुरुस्त करायच्या, मी पुन्हा बोलायची. माझ्या खोलीत घानाची एक मुलगी होती. ती माझ्याहून जास्त चुकायची आणि माझ्याहून मोठ्याने बोलायची, तिचं बघून माझाही आवाज वाढला.

जेवणाचं मात्र कठीण गेलं. काळा पाव आंबूस, बीटाचं सूप गोडसर, आणि कोबी तर रोजचाच. एक दिवस बाजारात दक्षिणेकडून आलेली वांगी दिसली. मी ती घेतली आणि वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात गॅसवर भाजायला ठेवली, भरीत करायचं म्हणून. साल जळाल्याचा धूर मजल्यावर पसरला. खाली दाराशी किल्ल्या सांभाळत बसणारी म्हातारी जिना चढून धापा टाकत आली, हातात पाण्याची बादली. तिला वाटलं आग लागली. मी हातवारे करून समजावलं. ती बादली खाली ठेवून बघत उभी राहिली. मी साल काढलं, ठेचलं, मायचं तिखट घातलं, कांदा घातला आणि पावाच्या तुकड्यावर तिला दिलं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, नाक लाल झालं, आणि तिने आणखी मागितलं.

तेव्हापासून आमचं जमलं. सगळे तिला त्योत्या म्हणायचे. त्योत्या म्हणजे आत्या किंवा मावशी, शब्दही आत्याच्या जवळचाच, त्यामुळे मला तो कधी पाठ करावा लागला नाही. ती दूर उत्तरेकडच्या एका खेड्यातली होती. वर्ग संपला की मी तिच्या टेबलाशी जाऊन बसायची. ती मोजे विणायची आणि बोलत राहायची, आपल्या गायीबद्दल, युद्धात न परतलेल्या नवऱ्याबद्दल, बर्फाखाली दबलेल्या गावाबद्दल. मला निम्मं कळायचं. उरलेलं ती सुई थांबवून पुन्हा सांगायची. वर्गातल्या पुस्तकाने मला व्याकरण शिकवलं, पण बोलायला शिकवलं ते त्योत्याने.

डिसेंबरात एकदा वर्गात बाईंनी मला दुधाबद्दलचा एक उतारा वाचायला सांगितला. मी वाचला. दुधाला मी म्हणाले, मोलोको. सगळे ओ कसे गोल आणि ठसठशीत. बाई हसायला लागल्या. तोंडावर हात धरून, खांदे हलेपर्यंत हसल्या. "अगं, तू तर उत्तरेतल्या म्हाताऱ्यांसारखं बोलतेस," त्या म्हणाल्या. मॉस्कोत मलाको म्हणतात, हे मला पुस्तकातल्या अक्षरांवरून कळलं नव्हतं आणि त्योत्याच्या तोंडी तर ते कधी नव्हतंच.

वर्गातल्या कोणालाच त्यात हसण्यासारखं काय ते कळलं नाही. मला मात्र कळलं. इतक्या लांब येऊन, नवी भाषा पहिल्या अक्षरापासून शिकून, मी तिच्यातलीही गावठीच बोली उचलली होती. त्या दिवसापासून मी वर्गात पुन्हा गप्प झाले. त्योत्याच्या टेबलावरूनही मान खाली घालून जाऊ लागले.

आठवड्याभराने बाईंनी मला वर्गानंतर थांबवून घेतलं. त्या पन्नाशीच्या होत्या, केस घट्ट बांधलेल्या, एरवी फार कडक. त्यांनी विचारलं की तू बोलणं का बंद केलंस. मी सांगायचं टाळलं. मग कशी कोण जाणे, पण मोडक्यातोडक्या रशियनमध्ये मी त्यांना केळ्याची सगळी गोष्ट सांगितली.

त्यांनी वर्गाचं दार लोटून घेतलं. मग म्हणाल्या, "माझी आई उत्तरेकडची. मी शिकायला मॉस्कोला आले तेव्हा मुली मला हसल्या, म्हणून मी दोन महिन्यांत ओ टाकून दिला. आई वारल्यावर या वर्गात तो मी पहिल्यांदा ऐकला, आणि तोही भारतातल्या मुलीच्या तोंडून. मला हसू आवरलं नाही, कारण मला आनंद झाला होता."

पुढे त्यांनी सांगितलं की परीक्षेत मलाको म्हण, नाहीतर परीक्षक गुण कापतील. पण मोलोको टाकू नकोस. दोन्ही ठेव.

दोन्ही ठेवता येतात, हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. मी खाली गेले आणि त्योत्याशेजारी बसले. तिने इतके दिवस कुठे होतीस असं काही विचारलं नाही. लोकरीचं एक गुंडाळं माझ्या हातात दिलं आणि धर म्हणाली. वर्षाच्या शेवटी भाषेच्या परीक्षेत मला पाचपैकी पाच गुण मिळाले. घानाची मैत्रीण मला उचलून गोल फिरली आणि आम्ही दोघी पडलो.

पडण्याची आम्हाला तोवर सवय झालीच होती. तिथे व्यायामाचा विषय सक्तीचा, आणि हिवाळ्यात व्यायाम म्हणजे पायांना लाकडी पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत जाणं. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळात पार केलं नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा द्यावी लागे. पहिल्या दिवशी मी उभीच राहू शकले नाही. आमचे शिक्षक वैतागून म्हणाले की हिला हिच्या देशात परत पाठवा, ही बर्फ मोडते आहे. मी दर रविवारी बागेत जाऊन सराव केला. लहान लहान पोरं बाजूने सुळकन निघून जायची. त्या वर्षी नापास झाले, दुसऱ्या वर्षी पास झाले तेही सर्वांत शेवटी, पण वेळेच्या आत. रेषा ओलांडून मी बर्फात आडवीच झाले आणि वर आकाशाकडे बघत मोठ्याने वऱ्हाडीत ओरडले, "झालं व माय!" शिक्षकांनी काय म्हणालीस विचारलं. मी म्हणाले, आमच्याकडे जिंकल्यावर असं म्हणतात.

आता जे सांगायचं ते तिसऱ्या वर्षीचं आहे. आम्हाला रुग्णांशी बोलून त्यांच्या दुखण्याची हकीकत घ्यायला शिकवत होते. आमच्या तुकडीत सगळे तिथलेच विद्यार्थी, बाहेरची मी एकटी. एका सकाळी प्राध्यापक आम्हाला घेऊन एका म्हातारीच्या खाटेशी गेले. मुलाने तिला उत्तरेतल्या खेड्यातून मॉस्कोला आणलं होतं. पोटात दुखत होतं. तुकडीतल्या सर्वांत हुशार मुलाला प्राध्यापकांनी पुढे केलं.

तिचं बोलणं माझ्या आठवणीत वऱ्हाडीतच राहिलं आहे, म्हणून तसंच लिहिते, तिचा एक शब्द सोडून. त्या विद्यार्थ्याने विचारलं की दुखणं कधी सुरू झालं.

"लोनिस रे बाबू," ती म्हणाली. "लोनिस, आमी बटाटे काढून राह्यलो होतो तवा."

ते दिवस शरदाचे होते. बटाट्याची काढणी नुकतीच आटोपली होती. त्या विद्यार्थ्याने लोनिस हा तिच्या बोलण्यातला नुसता हेल धरला आणि वळून सांगितलं की दुखणं दोन-तीन आठवड्यांचं, काहीतरी खाण्यातून झालेलं असावं. प्राध्यापकांनी मान डोलावली. तुकडी पुढच्या खाटेकडे निघाली.

मी जागची हलले नाही. लोनिस हा शब्द मी त्योत्याकडून किती वेळा ऐकला होता. लोनिस गाय मेली, लोनिस बहीण येऊन गेली. लोनिस म्हणजे गेल्या वर्षी. ही बाई मागच्या वर्षीच्या बटाट्यांबद्दल सांगत होती. तिला वर्षभरापासून दुखत होतं.

प्राध्यापकांना थांबवणं सोपं नव्हतं. ते मोठे गृहस्थ, त्यांच्यापुढे तिथलीही मुलं चाचरायची. पण म्हातारी उशीवर डोकं टेकून डोळे मिटत होती, आणि तिची हकीकत चुकीची लिहून झाली होती. मी बोलले. घाबरल्यामुळे मॉस्कोची सगळी सफाई तोंडातून निघून गेली आणि एकेक ओ त्योत्यासारखा गोल बाहेर पडला. तुकडीत दोघं-तिघं हसले. लांब वेणीची, काळी-सावळी मुलगी, आणि बोलणं उत्तरेतल्या आजीबाईचं, हसू येणारच. त्या हसण्याने मला काही झालं नाही. तेव्हा मला तेवढी फुरसतच नव्हती.

म्हातारी मात्र कोपरावर उठून बसली. "काऊन व," ती मला म्हणाली, "तू आमच्या तिकडची हायेस काय?"

प्राध्यापक परत फिरले. त्यांनी मला विचारलं की या शब्दाची खात्री आहे का. मी हो म्हणाले. त्यांनी म्हातारीलाच विचारलं, आणि ती म्हणाली, हाव, मागच्या साली, मी कवाची तेच तं सांगून राह्यली. प्राध्यापकांनी एक खुर्ची मागवली आणि मला तिच्यावर बसवून म्हणाले, "पहिल्यापासून विचार. आम्ही ऐकतो."

मी विचारत गेले आणि ती सांगत गेली. सणावाराला तुपकट खाल्लं की दुखणं उठायचं, पाठीत जायचं आणि ओसरायचं. हिवाळ्यात तर डोळे पिवळे झाले होते. मुलाला सांगितलं नाही, कारण त्याची बायको बाळंत व्हायची होती. आणि इथे आल्यावर कोणी नीट विचारलं नाही, जो तो दुसऱ्यांदा सांगायला लावायचा आणि मध्येच निघून जायचा. सांगून झाल्यावर प्राध्यापकांनी स्वतः पोट तपासलं आणि क्ष-किरणासाठी पाठवलं. पित्ताशयात खडे होते. पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रिया झाली, ती बरी झाली आणि आपल्या पायांनी चालत घरी गेली. जाताना तिने माझे दोन्ही गाल ओढले.

त्यानंतर प्राध्यापकांनी आमच्या सबंध वर्षाच्या वर्गापुढे ही केस मांडायला मला उभं केलं. मांडण्याआधी ते स्वतः दोन वाक्यं बोलले. म्हणाले, "मी मॉस्कोत जन्मलो आणि मॉस्कोतच म्हातारा झालो, मला हा शब्द माहीत नव्हता. हिला माहीत होता, आणि माहीत आहे हे सांगण्याचं धाडसही तिने केलं."

मी मांडणी केली. ओ जसा आला तसा येऊ दिला. संपल्यावर टाळ्या वाजल्या. तो हुशार मुलगा पुढे येऊन हात मिळवून गेला आणि तेव्हापासून रुग्णांकडे जाताना मला सोबत न्यायला लागला. संध्याकाळी मी त्योत्याला सगळं सांगितलं. तिने विणकाम बाजूला ठेवलं, माझ्या तोंडून लोनिस हा शब्द दोनदा म्हणवून घेतला, आणि पुढचे कित्येक दिवस आल्यागेल्या प्रत्येकाला सांगितलं की या मुलीला मी शिकवलं आहे.

शेवटच्या परीक्षा मी पहिल्या वर्गाच्याही वरच्या श्रेणीत उत्तीर्ण झाले. प्राध्यापकांनी पुढे राहण्याबद्दल विचारलं होतं. मी घरी जाते म्हणाले.

नांदुऱ्याच्या स्टेशनावर गाडी थांबली तेव्हा फलाटावर आमची सगळी गल्ली उभी होती. आत्या खामगावहून आली होती, केस पांढरे झालेले. बाबांनी फेटा बांधला होता. मायने मला जवळ घेतलं, हात दाबून पाहिले, बाजारात भाजी पाहतात तसे, आणि म्हणाली, "वायली किती." म्हणजे मी वाळले होते.

गावाकडे बंडीतून निघालो. बैल आमचेच होते. थोडं अंतर गेल्यावर बाबा संकोचत म्हणाले की तिकडचं काही बोलून दाखव. मी रशियनमध्ये एक वाक्य बोलले.

बाबांनी ते पूर्ण ऐकून घेतलं. "समजलं तं काईच नाही," ते म्हणाले, "पन बोलली झकास."

"काय म्हनलं तिनं?" मायने विचारलं.

मी सांगितलं की मला भूक लागली असं म्हणाले. तशी माय बाबांना म्हणाली की मग बंडी काय अशी हळू हाकता.

माझी नेमणूक व्हायला अजून अवकाश होता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून पाहते तो अंगणात बाया बसलेल्या. कोणाची कंबर, कोणाचं लेकरू, कोणाचं मुलांसमोर न सांगता येण्यासारखं दुखणं. मळ्यात वांगी तोडायची राहिली होती, कारण तोडणाऱ्या बायाही इथेच बसल्या होत्या. मी ओसरीवर चटई टाकली आणि एकेकीला जवळ बोलावलं. त्या आपल्या शब्दांत सांगत होत्या, मी त्यांच्या शब्दांत विचारत होते, आणि ज्यांचं अवघड होतं त्यांना आत्या खामगावच्या दवाखान्यासाठी बाजूला बसवत होती.

दुपारी मायने मला हाताला धरून उठवलं आणि ताटावर बसवलं. अंगणातून कोणीतरी हाक मारली. माय दारात जाऊन उभी राहिली, पदर खोचून, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "थांबा जराशा. डॉक्टरीन बाई जेवून राह्यल्या."